शाळेच्या फाटकाशी तंबाखू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी गोड बोलावे असा रिवाज आहे. पण चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो तंबाखूचा! 'हा तर पुरुषांचा विषय, आमच्यापुढे कशाला?' असे काही जणींच्या मनात आले असेल. तेव्हा आधीच सांगते की, घरच्या कर्त्या माणसांच्या व्यसनाची उजळणी मी करणार नाही. हा व्यापार आपल्या मुलांना कसा गाठतो, एवढेच आज पाहावयाचे आहे.

कोणत्याही व्यापाऱ्याला जुने गिऱ्हाईक गेले की नवे लागते. तंबाखूच्या व्यापाऱ्याला तर ते जरा अधिकच लागते. कारण त्याचा मालच गिऱ्हाइकाला लवकर घेऊन जातो. आता चाळिशीच्या शहाण्या गृहस्थाला नव्याने तंबाखू शिकविणे अवघड. शिकावयाची ती कोवळ्या वयात. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने २०१९ साली देशातील शाळांतून तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींची पाहणी करविली. त्यांत शंभरांपैकी साडेआठ मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. ज्यांनी खाण्याची तंबाखू एकदा तरी चाखली होती, त्यांतील निम्म्यांनी ती दहावे वर्ष पुरे होण्याआधीच चाखली होती. दहावे वर्ष म्हणजे चौथी-पाचवी. भगिनींनो, त्या वयात मुलाचे सगळे दुधाचे दातही पडलेले नसतात!

हे आपोआप घडत नाही. पानमसाला पूर्वी डब्यातून मिळे. डबा घ्यावयाचा तर पैसे मोजावे लागत, आणि तो घरात कोणाच्या तरी दृष्टीस पडे. १९८०च्या दशकात पुडी आली आणि सगळा नूर पालटला. खाऊच्या पैशांत येईल अशी किंमत, मुठीत मावेल असा आकार, चकचकीत कागद, आणि आत गुलाबाचा नाही तर वेलदोड्याचा वास. मोठ्या माणसाला तंबाखूत गुलाब कशाला हवा, ह्याचा विचार आपणच करावा. सुट्या सिगारेटचेही तसेच. पाकीट मुलाला परवडत नाही, एक कांडी परवडते. शिवाय पाकिटावरील सडलेल्या तोंडाचे चित्र त्या एका कांडीवर नसते. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी विक्री बंद केली ती ह्याचसाठी.

जाहिरातीची कथा तर आणखी मोठी आहे. १९९६ साली क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा आपल्याकडे झाली, ती एका सिगारेटच्या नावाने. विल्स हे नाव मुलांच्या लाडक्या खेळाडूंच्या अंगावरच असे. त्याच वर्षी गोव्यातील डॉक्टरांनी शाळकरी मुलांची पाहणी करून ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. असे सामने पाहणाऱ्या मुलांचा सिगारेट ओढून पाहण्याकडे कल वाढतो. आणि धूम्रपान वाईट, हे ठाऊक असूनही वाढतो, असे त्यांना आढळले. कंपनीने २००१ साली क्रिकेटमधून अंग काढून घेतले. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्या. मग तीच नावे, तीच अक्षरे, तेच रंग घेऊन वेलदोडा आणि पानमसाला दूरचित्रवाणीवर आला, आणि नामांकित नट तो हसतमुखाने दाखवू लागले. मूल काही जाहिरातीतला वेलदोडा लक्षात ठेवीत नाही. ते नाव लक्षात ठेवते.

ह्यावर कोणी म्हणेल, जुलै २०१२ मध्ये आपल्या राज्यात गुटखाबंदी झालीच की! झाली. परंतु व्यापाऱ्याने एका पुडीच्या दोन पुड्या केल्या, एकीत मसाला आणि दुसरीत तंबाखू, आणि मिसळण्याचे काम गिऱ्हाइकावर सोपविले. सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली त्यावर पुन्हा बोलावे लागले. आणि नुसती सुपारी निर्दोष, ही समजूतही सोडून द्यावी; तंबाखू नसली तरी सुपारीने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले आहे. कर्करोगाच्या आधीच कित्येकांचा जबडा असा आखडतो की तोंडात घासही नीट जात नाही.

आता दुकानाकडे वळू. २०१९ साली व्हॉलंटरी हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया व कन्झ्युमर व्हॉइस ह्या संस्थांनी वीस शहरांतील शाळांभोवतालची दुकाने पाहिली. तंबाखूचा माल बहुतेक ठिकाणी गोळ्या-चॉकलेटांच्या शेजारी, आणि जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर मांडलेला आढळला. मोठ्या माणसाला तो पाहावयाला वाकावे लागेल. मुलाला मान हलवावी लागत नाही.

ह्यानंतरचे बोलणे थोडे कडू आहे, पण घरचेच आहे. मशेरी! तव्यावर तंबाखू भाजून, कुटून, दातांना लावण्याची आपल्याकडील ही रीत बायकांचीच. ती ना धूर काढीत ना वास दरवळवीत, म्हणून तिला व्यसन म्हणावयाला कोणी तयार नाही. 'दात दुखतोय, चिमूटभर लाव' असे म्हणून आजी नातीच्या तोंडात ती घालते, तेव्हा तिच्या मनात मायाच असते. व्यापाऱ्यांनी ही माया बरोबर ओळखली आणि तंबाखू घातलेले दंतमंजनच बाजारात आणले. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात तंबाखू घालण्यास मनाई केली. पण घरच्या तव्याला कायदा नाही. आणि 'जा रे, कोपऱ्यावरून पुडी घेऊन ये' असे सांगून ज्या मुलाला आपण धाडतो, त्याला दुकानाची वाट, भाव आणि दुकानदाराची ओळख, तिन्ही आपणच करून देतो. जाहिरातीवर लाखो रुपये उधळूनही कंपनीला इतके साधले नसते.

कायदा मात्र ह्या बाबतीत आपल्या बाजूने आहे. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती कोणालाच विकता येत नाही. ह्याचा दंड अवघा दोनशे रुपये. टपरीवाला तो हसत भरील. परंतु २०१५ च्या बालन्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, हे पुष्कळ दुकानदारांना ठाऊकच नसते. त्यांना ते गोडीनेच सांगावे. तो बिचारा आपलाच शेजारी असतो. टपरी त्याचे पोट आहे, आणि त्याचीही मुले त्याच शाळेत जातात. फळीवरचा माल हलवावयाला तो पुष्कळदा तयार होतो, असा माझा अनुभव आहे.

शंभर यार्ड म्हणजे सुमारे एक्क्याण्णव मीटर. शिवणवर्गातील फीत त्याला पुरावयाची नाही. म्हणून तेवढ्या लांबीची सुतळी मोजून, गाठ मारून मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता शाळेच्या फाटकाशी जमावयाचे आहे. एकीने सुतळीचे टोक फाटकाला धरावे, दोघींनी दुसरे टोक घेऊन चालावे, आणि ज्यांचे अक्षर चांगले आहे त्यांनी वही-पेन्सिल आणावी.