गोदीच्या जमिनीवर वस्ती कशी वसते?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सेक्रेटरींनी निमंत्रण देतानाच अट घातली, "काका, विषय कुठलाही घ्या, फक्त व्याजदर नकोत." पाळायचा प्रयत्न करतो. पण विषय जमिनीचा आहे, आणि जमीन आली की पैसा येतोच. सांभाळून घ्या.

आपण हार्बर लाइनची माणसं. शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड ही स्टेशनं आपण वर्षानुवर्षं मागे टाकत आलो. पूर्वेच्या बाजूला दिसतं काय? गंजक्या पत्र्यांची गोदामं, लांबच लांब भिंती, मध्ये दाटीची वस्ती. त्या भिंतींपलीकडे समुद्र आहे हे मुलांना मुद्दाम सांगावं लागतं. ही मुंबई बंदराची जमीन, सुमारे १८०० एकर. गिरण्यांची सगळी जमीन मिळून ६०० एकरांच्या आसपास होती. म्हणजे हे प्रकरण तिप्पट मोठं.

पोर्ट ट्रस्ट १८७३ सालचा. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक झाला, पुढे व्हिक्टोरिया डॉक, आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक. १४ एप्रिल १९४४ ला 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला तो व्हिक्टोरिया डॉकमध्येच. आज प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया दोन्ही बुजवले आहेत. अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीची भर घालून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली, आणि ती पोर्ट ट्रस्टनेच आखून उभी केली. जमीन आपल्याकडे ठेवून, भाडेपट्ट्याने देऊन. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बंदर बंद पडलेलं नाही. तेल उतरतं, इतर माल येतो, प्रवासी जहाजं लागतात. पण १९८९ मध्ये न्हावा-शेवा सुरू झालं आणि कंटेनर तिकडे गेले. कंटेनरला मैलभर गोदामं नकोत, हजारो हमाल नकोत. त्याला खोल पाणी आणि मोकळं मैदान हवं. जगभरच्या जुन्या गोद्या या एका लोखंडी पेटीने रिकाम्या केल्या.

लंडनच्या गोद्या १९६७ पासून एकेक बंद होत गेल्या, १९८१ मध्ये रॉयल डॉक्स बंद झाले. त्याच वर्षी सरकारने एक स्वतंत्र महामंडळ नेमलं आणि साडेआठ चौरस मैलांच्या टापूतले बांधकाम परवानगीचे अधिकार स्थानिक पालिकांकडून काढून त्याला दिले. 'आइल ऑफ डॉग्ज'मध्ये दहा वर्षं मालमत्ता कर माफ, बांधकामाच्या खर्चावर आयकरात पूर्ण सवलत. एका कॅनेडियन कंपनीने तिथे कॅनरी व्हार्फ उभारलं. १९९१ मध्ये ५० मजली टॉवर तयार, आणि मे १९९२ मध्ये कंपनी कर्जात बुडाली! का? ऑफिसं झाली, पण माणसं पोचणार कशी? एक छोटी रेल्वे १९८७ ला सुरू झाली होती, ती अपुरी पडली. खरी मेट्रो आली १९९९ मध्ये. भाडेकरू येईनात आणि व्याज काही थांबत नाही. (बघा, आलेच व्याजदर.) आम्ही बँकेत कर्जाचा प्रस्ताव बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचो, की साइटला रस्ता आहे का?

आज तिथे लाखाच्या वर लोक कामाला जातात, ते नाकारून चालणार नाही. पण गोदी कामगारांच्या घरच्यांनी सुरुवातीपासून विचारलं होतं, यात आमचं काय? १९८४ मध्ये ते होड्यांचा ताफा घेऊन थेम्समधून पार्लमेंटवर गेले. नव्या नोकऱ्या बँकांच्या होत्या, जहाजावरचा माल उतरवणाऱ्यांच्या नव्हत्या. नदीकाठची नवी घरं त्यांच्या खिशाबाहेरची होती.

आता हॅम्बुर्ग. माझं मत विचाराल तर मुंबईने बघावं ते हे शहर. तिथल्या जुन्या बंदराची १५७ हेक्टर, म्हणजे सुमारे ३९० एकर जमीन. १९९७ मध्ये योजना जाहीर झाली, २००० मध्ये आराखडा, नाव 'हाफेनसिटी'. योजना जाहीर होण्याआधीच शहराच्या कंपनीने तिथल्या जागा गाजावाजा न करता ताब्यात घ्यायला सुरुवात केली होती. आधी घोषणा केली असती तर भाव कुठे गेले असते हे तुम्हाला सांगायला नको.

मला सर्वांत आवडली ती त्यांची जमीन देण्याची पद्धत. घरांच्या प्लॉटसाठी बोली येतात, पण निवडीत भावाला ३० टक्के वजन आणि तुम्ही तिथे काय करणार याला ७० टक्के. निवड झाली की जागा लगेच नावावर होत नाही. आधी नकाशे, स्थापत्याची स्पर्धा, बांधकामाची परवानगी. मग पैसे आणि मग जमीन. जमला नाही प्रकल्प, तर जमीन शहराकडेच. त्यामुळे प्लॉट घेऊन दहा वर्षं कुंपण घालून बसायची सोय नाही. मुख्य रस्त्यांवरच्या इमारतींचा तळमजला पाच मीटर उंच ठेवायचा, म्हणजे तिथे दुकान, दवाखाना, उपाहारगृह चालू शकेल. शाळा २००९ मध्ये सुरू झाली, मेट्रो २०१२ मध्ये. १९६२ च्या पुरात हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसं गेली होती, म्हणून नव्या इमारती समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंच जोत्यांवर आहेत. २६ जुलै पाहिलेल्यांना याचं महत्त्व कळेल.

आणि तिथे गृहनिर्माण सहकारी संस्थांना जमीन मिळाली. आपल्यासारख्या! शिवाय काही कुटुंबं एकत्र येऊन स्वतःसाठी इमारत बांधतात, त्यांनाही प्लॉट मिळाले.

तिथे सगळं सरळ झालं असं नाही. एका जुन्या गोदामाच्या डोक्यावर संगीतगृह बांधलं, ते २०१७ मध्ये उघडलं. शहराच्या वाट्याचा खर्च ७ कोटी ७० लाख युरो ठरला होता, तो ७८ कोटी ९० लाखांवर गेला. जर्मन माणसाचाही अंदाज चुकतो, हे ऐकून आपल्या लिफ्टच्या कोटेशनबद्दल कमिटीला जरा धीर यावा.

मुंबईत २०१४ साली राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, २०१८ मध्ये पोर्ट ट्रस्टलाच नियोजनाचे अधिकार मिळाले आणि आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी आला. ही जमीन अजून एका सार्वजनिक मालकाच्या हातात आहे. लंडनला हे मोठ्या प्रमाणात मिळालं होतं, त्यांनी ते विकलं. गिरण्यांच्या बाबतीत मालक खासगीही होते. १९९१ चा नियम चांगला होता: एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये तो बदलला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची ठरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो बदल टिकला. शहराच्या हिश्शाला किती राहिलं ते लोअर परळला उतरलं की दिसतं. सर्वांत चढ्या बोलीने जमीन गेली की ती बोली फ्लॅटच्या दरातच वसूल होणार. मग तिथे राहणार कोण? बरेचसे फ्लॅट रात्री अंधारातच राहतील.

म्हणून मी एक पानाचं पत्र तयार केलंय. त्यात तीनच मागण्या आहेत. जमीन विकू नये, भाडेपट्ट्याने द्यावी. घरांसाठीच्या जमिनीचा ठरावीक वाटा, भावाची चढाओढ न लावता, सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी राखावा, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूंना व झोपडीवासीयांना त्यात पहिला हक्क असावा. लोकांना स्टेशनवरून पाण्यापर्यंत चालत जायला वाट आधी करावी, टॉवर नंतर.

पत्र पोर्ट ऑथॉरिटीला आणि आपल्या खासदारांना जाईल. जनरल बॉडीचा ठराव जोडला तर वजन वाढेल, तेव्हा सेक्रेटरींनी पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो घ्यावा अशी विनंती करतो. प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जेवायला जाताना वाचा, पटलं तर फ्लॅट नंबर घालून सही करा.