ओटीबरोबर तपासणीचे कागद
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे, एक निवृत्त शिक्षक आहे. तरीही वाचनातून व जाणकारांकडून जे समजले, ते आपल्या लेकीसुनांच्या हिताचे म्हणून सांगतो.

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा त्याहून अधिक भरल्यास दुर्लक्ष करू नये. १६०/११० ही तर तातडीची खूण होय. या विकारात रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा होते, आणि मेंदूत पाणी झिरपून सूज येते. ती बहुधा डोक्याच्या मागील भागी, दृष्टीच्या केंद्रापाशी येते. म्हणून डोळे निर्दोष असूनही एखादीला एकाएकी दिसेनासे होते. क्वचित तोंड वाकडे होते, झटके येतात. मेंदूत रक्तस्राव झाल्यास प्राणावर बेतते. वेळीच उपचार झाल्यास गेलेली दृष्टी बहुधा काही दिवसांत परत येते. झटके टाळण्यास मॅग्नेशियम सल्फेट हे औषध आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील दहा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटविला.

हा विकार पहिलटकरणीस अधिक होतो, आणि आपली रीत पहिले बाळंतपण माहेरी करण्याची. म्हणजे ऐन जोखमीच्या दिवसांत गाव बदलते, डॉक्टर बदलतो, आणि आधीच्या नोंदी सासरच्या कपाटात राहतात. रीत गोड आहे, ती मोडा असे मी म्हणत नाही. परंतु सुनेची पाठवणी करताना ओटीबरोबर तपासणीचे कागदही द्यावेत.

प्रसूती झाली म्हणजे संकट टळले, असेही नव्हे. झटके त्यानंतरही, क्वचित काही आठवड्यांनीही येतात. बाळंतिणीचे डोके दुखले की वारा लागला म्हणून आपण कान बांधतो. झटका आला की अंगारा शोधतो. तेवढ्यात मोलाचा वेळ जातो. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे वा अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणे, तोंडावर अचानक सूज, यांपैकी काहीही दिसताच रक्तदाब मोजून रुग्णालय गाठावे. झटका आल्यास कुशीवर वळवावे, तोंडात चमचा वा पाणी घालू नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

२०१६ पासून दरमहा ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिचा लाभ घ्यावा. आपल्या मंडळाने प्रत्येक डोहाळजेवणास साडीऐवजी रक्तदाब मोजण्याचे यंत्र भेट द्यावे, अशी नम्र सूचना करून मी आपली रजा घेतो.