आतली ऊब, बाहेरची आच

काचतंतू व इपॉक्सी राळ यांचा जाड थर भट्टीत ठेवला, की उष्णता पृष्ठभागाकडून गाभ्याकडे संथपणे झिरपते. पुढे गाभ्यातील रासायनिक क्रियेची उष्णता आतच कोंडते. अंतर्गत ताण साचतो, प्रसंगी तडे जातात. २.४५ गिगाहर्ट्‌झच्या सूक्ष्मलहरी मात्र थेट राळेच्या ध्रुवीय रेणूंनाच आंदोलित करतात. भट्टीची हवा तापवण्यात वेळ दवडावा लागत नाही. (स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हची वारंवारताही हीच!) तरीही भट्टी निवृत्त झालेली नाही. सूक्ष्मलहरींचे क्षेत्र असमान असते. शिवाय कार्बनतंतू विद्युत्‌वाहक असल्याने लहरी परतवतात, उघड्या टोकांशी ठिणग्याही उडतात. म्हणूनच विमानाच्या पंखांचे कार्बनतंतुयुक्त भाग आजही प्रामुख्याने दाबभट्टीतच पक्व केले जातात.