छपाईतून साठणारी वीज



सुरतेतल्या पांडेसरा, सचिन भागांतल्या प्रिंटिंग मिलमध्ये लिंबायत, उधना, डिंडोलीची आपली कितीतरी खानदेशी मंडळी राबतात. रंग पातळ झाला तर नक्षीची कड पसरते, घट्ट झाला तर स्क्रीनची जाळी तुंबते, हे त्यांना हातानेच कळतं. या कसबाबद्दल आज मुद्दाम बोलायचं आहे, कारण वीज साठवणारी चिमुकली उपकरणंही आता अशीच छापली जातात.

त्यांना सूक्ष्म सुपरकपॅसिटर म्हणतात. दोन कंगवे दातात दात घालून, पण एकमेकांना न शिवता ठेवावेत, तशी त्यांची रचना असते. एक कंगवा धन, दुसरा ऋण. वर जेलसारखा विद्युतद्राव्याचा थर. चार्ज करताना त्यातले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, दातांच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतात. म्हणून पृष्ठभाग जितका मोठा, तितकी वीज जास्त. आणि ग्राफीन या अतिपातळ कार्बनचा पृष्ठभाग एका ग्रॅममागे हिशेबाने सुमारे २,६३० चौरस मीटर भरतो! बॅटरीपेक्षा सुपरकपॅसिटरमध्ये वीज कमी मावते, हे खरं. पण चार्ज व्हायला काही सेकंद पुरतात आणि हजारो वेळा वापरूनही ते टिकतं. छोट्या सेन्सरला एवढं पुष्कळ झालं.

सगळी मेख शाईत आहे. नॅनोकण तळाशी बसले की इंकजेटचं तोंड बुजतं. साडीवर रंग पसरला तर नक्षी बिघडते. इथे पसरला तर धन-ऋण दात जुळून शॉर्टसर्किट होतं. २०११ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात अशा शाईला उपयोगी पडणारा मॅक्सीन हा पदार्थ सापडला. पुढे २०१९ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या व्हलेरिया निकोलोसी आणि सहकाऱ्यांनी त्याची कसलीही भर न घातलेली शाई करून असे सुपरकपॅसिटर छापले. मात्र पाणी आणि हवा लागली की मॅक्सीन खराब होतं, ही अडचण मोठी आहे.

आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे यांनी सुपरकपॅसिटरसाठी पातळ थर बसवण्याचं काम वर्षानुवर्षं केलं, तेही साध्या रासायनिक द्रावणांतून. महागड्या यंत्रांवाचून असं संशोधन होतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

सुरतेत १९६१ पासून सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे आणि गावभर छपाईचे मास्तर आहेत. प्राध्यापकांनी या मास्तरांना प्रयोगशाळेत बोलवावं, त्यांचं ऐकावं. आणि मास्तर, तुमची मुलगी रसायनशास्त्र घेते म्हणाली, तर तिला अडवू नका.