दवंडी थांबली की पाऊल अडतं



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाईंचा हात कापायला लागला. भाकरी थापताना हात मंदावायचा, उंबऱ्याशी पाय खिळल्यासारखा व्हायचा. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं कामाचा कंटाळा. आम्हीही मान डोलावली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. गोळ्या सुरू झाल्या आणि आजी अंगणात फिरू लागल्या. बरं वाटतंय म्हणून घरच्यांनी दुपारची गोळी बंद केली. आजी पुन्हा लाकडासारख्या ताठ झाल्या. तेव्हा आम्ही ठरवलं, हे नीट समजून घ्यायचं.

आपल्या मेंदूत खोलवर काळसर पेशींचा एक लहानसा भाग असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. १९५७ साली स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. हे औषध आपल्याकडच्या सर्पगंधेतून मिळतं. ससे जागचे हलेनात. मग लेव्होडोपा टोचलं, तसे ते पुन्हा चालू लागले. या लेव्होडोपापासून शरीरात डोपामिन बनतं. आजींच्या गोळीतही तेच असतं.

डोपामिन म्हणजे दवंडी देणारा कोतवाल समजा. तो हालचाल सांभाळणाऱ्या पेशींच्या दारापर्यंत येतो, आत जात नाही. दारावरचा निरोप आत हातोहात पोचतो, थेट जनुकांपर्यंत. जनुकं म्हणजे पेशीची मोठी वही. कुठलं पान उघडायचं, कुठलं मिटायचं, हे त्या निरोपावर ठरतं. दारातून आत निरोप कसा जातो, ते अमेरिकेच्या पॉल ग्रीनगार्ड यांनी उलगडलं. २००० साली कार्लसन, ग्रीनगार्ड आणि एरिक कँडेल यांना मिळून नोबेल मिळालं.

यात एक गंमत आहे. दवंडी एकच, पण घरं दोन तऱ्हेची. एक घर म्हणतं ‘चला’, दुसरं म्हणतं ‘थांबा’. डोपामिन आलं की ‘चला’वाल्या घरातली पानं उघडतात, ‘थांबा’वाल्या घरातली काही मिटतात. कंपवातात डोपामिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. मग दवंडी क्षीण होते, ‘चला’ची पानं मिटत जातात आणि ‘थांबा’ची उघडीच राहतात. मनात असूनही पाऊल उचलत नाही ते यामुळे. तो आळस नव्हे, मैत्रिणींनो. आजींना तसं म्हटल्याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

आता औषधाचं. गोळीचा असर काही तासच टिकतो, म्हणून दिवसातून अनेकदा द्यावी लागते. वेळ चुकली की दवंडी कधी मोठी, कधी बंद. काही वर्षांच्या उपचारानंतर कधीकधी अंग आपोआप वळवळू लागतं. डोपामिन सारखं वर-खाली झाल्यानं जनुकांच्या कामात जो बदल होतो, त्याचाही यात वाटा असतो. असं दिसलं तर गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. गोळी एकदम थांबवली तर अंग ताठरून ताप येऊ शकतो, जिवावरही बेततं.

खाजकुयलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं, हे खरं. पण गोळी चालू असताना तिची पूड मनानं देऊ नका. किती मात्रा पोटात गेली ते कळत नाही. डाळ, दूध, अंडी यांच्याबरोबर घेतली तर काहींना गोळी कमी लागू पडते. म्हणून जेवण आणि गोळी यांत किती अंतर ठेवायचं, तेही डॉक्टरांनाच विचारा.

आमच्या ताईंनी आता गोळ्यांच्या वेळा चुलीमागच्या भिंतीवर खडूनं लिहिल्या आहेत. नातू घड्याळ बघून हाक मारतो. आजी सावकाश का होईना, उंबरा ओलांडतात.

तुमच्या गटात कुणाच्या घरी असं कुणी असेल, तर पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.