शिकाऊ डॉक्टर आणि शिकण्याची आवड
(वार्षिक सभेतील भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु आपल्याकडे येणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांसाठी प्रोजेक्टरसह वातानुकूलित दालन उभारावे, अशी सूचना एका हितचिंतकांनी देणगीसह केली आहे. आजची मुले पाहून शिकतात, असे त्यांचे म्हणणे. त्या निमित्ताने थोडे वाचन घडले.

न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी १९९२ साली शिकण्याच्या आवडीचे चार प्रकार मांडले : पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि प्रत्यक्ष करून. त्यांची प्रश्नावली पुढे अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत वापरली गेली. मात्र २००८ साली अमेरिकेतील हॅरोल्ड पॅशलर व सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा आवडीप्रमाणे शिकवल्याने शिकणे सुधारते याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. आवड खोटी नव्हे. पण आजाराला तिची पर्वा नसते.

भातलावणीच्या दिवसांतील उदाहरण घ्या. पेण-रोह्याच्या शेतांतून फुरसे वा घोणस चावल्याचा संशय असलेला रुग्ण आला, की त्याचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करतात. रक्त गोठले नसेल, तर विष भिनल्याची ती खूण. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही. पुस्तकात हा सारा एक परिच्छेद आहे. परंतु मध्यरात्री, घरची माणसे दाराशी रडत असताना, २० मिनिटे नळीला हात न लावण्याचा धीर पडद्यावर पाहून येत नाही. पेणच्या मूर्तिशाळेत डोळ्यांची आखणी तरी कोण वहीवरून शिकते?

आपल्याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणे केली. प्राझोसिन या औषधाविषयीचा त्यांचा व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला.

आमची अडचण साधी आहे. निवासाची सोय नसल्याने शिकाऊ डॉक्टर संध्याकाळच्या एस.टी.ने परततात, सर्पदंशाचे रुग्ण मात्र रात्रीही येतात. म्हणून त्या देणगीतून वॉर्डालगत मुक्कामाच्या दोन खोल्या बांधाव्यात, अशी विश्वस्तांना विनंती आहे. देणगीदारांशी मी बोललो. नावाची पाटी खोलीवरही लावता येते, हे ऐकून ते हसले. होकार अजून यायचा आहे.