‘मेमरी कमी आहे’ म्हणजे नेमकं काय कमी आहे?

बरेच जण हे मोबाईलवर ऐकत असाल, एसटीत, शेतात, नाहीतर पाचोऱ्याच्या गाडीची वाट बघत. पण आजचा विषय मोबाईलचा नाही, घरातल्या कम्प्युटरचा आहे. मोबाईलचा मुद्दा शेवटी येईल, तोपर्यंत थांबा.

घरचा कम्प्युटर चालू आहे, ब्राउझरमध्ये चारपाच टॅब उघडे आहेत, आणि कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण येतो. जुन्या विंडोजवर लिहिलेलं असायचं, व्हर्च्युअल मेमरी कमी पडतेय. नंतरच्या विंडोजवर येतं, मेमरी कमी आहे, प्रोग्रॅम बंद करा. कधीकधी काहीच न सांगता ब्राउझरचं पान कोसळतं. मग कोणीतरी म्हणतं, ‘फॉरमॅट मारा’. दुसरा म्हणतो, ‘जुना झाला भो, नवीन घ्या’. आज एवढंच बघू, की यातलं काहीही करण्याआधी अर्ध्या तासात आपण स्वतः काय तपासू शकतो.

आधी हे समजून घेऊ. आपल्या खान्देशात कापसाला भाव नसला की कापूस घरातच साठवतात. पुढची खोली भरते, मग पाहुणे आले की बसायला जागा नाही. अशा वेळी रोज न लागणारं सामान आपण शेतातल्या पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवतो. रॅम म्हणजे ती पुढची खोली. सामान हाताशी असतं. आणि हार्डडिस्कवर विंडोज एक फाईल ठेवतं, पेजफाइल डॉट सिस नावाची, ती म्हणजे शेतातली खोली. सध्या न लागणारा मजकूर ४ केबीच्या तुकड्यांत तिकडे जातो, लागला की परत येतो. रॅम आणि ही फाईल मिळून जो एकूण साठा होतो, तोच या मेसेजमधला ‘व्हर्च्युअल मेमरी’चा हिशोब.

ही कल्पना नवी नाही. १९६२ मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या गटाने ॲटलस नावाचा कम्प्युटर सुरू केला. त्यात वेगवान मेमरी १६ हजार शब्दांची आणि फिरणाऱ्या ड्रमवरची ९६ हजार शब्दांची. दोन्ही मिळून एकच मेमरी आहे असं प्रोग्रॅमला वाटावं, अशी सोय त्यांनी केली. त्याच काळात आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक चालत होता, १९६० चा. त्याची मुख्य मेमरी २०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० बिटचा. हिशोब करा, फक्त १० केबी! आज तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवता तो एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

आता मुख्य मुद्दा. हा मेसेज फक्त रॅम भरल्यावर येतो असं नाही. तो येतो ‘शब्द दिलेला’ साठा संपत आल्यावर. घरी भरीत पार्टी आहे, तुम्ही ५० जणांना ‘ये’ म्हणून सांगितलं. आले २०च, पण वांगी ५० जणांचीच आणावी लागतात, कारण शब्द दिलाय. तसंच प्रोग्रॅम मेमरी मागतो, विंडोज ‘देतो’ म्हणतं. प्रोग्रॅमने ती वापरली नाही तरी हिशोबात धरली जाते. म्हणून रॅम थोडी मोकळी दिसत असतानाही मेसेज येऊ शकतो.

हे बघायचं कुठे? कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरी. तिथे ‘कमिटेड’ लिहिलेलं असतं आणि दोन आकडे असतात. पहिला म्हणजे दिलेला शब्द, दुसरा म्हणजे एकूण मर्यादा. पहिला दुसऱ्याला टेकायला आला की गडबड.

एक खरं उदाहरण सांगतो. भडगावला माझ्या मामांकडे सेकंडहँड डेस्कटॉप आहे. ४ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्डडिस्क. मामेबहिणीला इंजिनिअरिंग प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता, मुदतीचे दोन दिवस उरलेले. कॉलेजची यादी एका टॅबमध्ये, मागच्या वर्षीचे कटऑफ दुसऱ्यात, फॉर्म तिसऱ्यात. दर वेळी पान कोसळायचं आणि भरलेले पर्याय जायचे. एका दुकानात दाखवलं तर सांगितलं, नवीनच घ्या. दिवस पेरणीचे. मामांनी खताबियाण्यासाठी जे पैसे बाजूला ठेवले होते, त्यालाच हात लावायची वेळ आली होती.

मी पुण्यात, ती भडगावात, सगळं फोनवर. तिला दुसरा आकडा वाचायला सांगितला. ४.४ जीबी. आता रॅम ४ जीबी असेल आणि मर्यादा फक्त ४.४, तर शेतातली खोली अर्ध्या जीबीचीच आहे. म्हणजे कोणीतरी कधीतरी पेजफाइल हाताने ५१२ एमबीवर बांधून टाकली होती. शिवाय १०० जीबीच्या सी ड्राइव्हवर २ जीबीच जागा शिल्लक. म्हणजे मशीन म्हातारं झालं नव्हतं, सेटिंग चुकलेलं होतं.

मग आम्ही काय केलं, क्रमाने ऐका.

पहिलं, सी ड्राइव्ह मोकळा केला. डिस्क क्लीनअप चालवलं, डाउनलोड फोल्डरमधले जुने पिक्चर डी ड्राइव्हवर हलवले. पेजफाइलला वाढायला जागाच नसेल तर बाकी काही करून उपयोग नाही.

दुसरं, विंडोजचं बटन आणि आर दाबून ‘एस वाय एस डी एम डॉट सी पी एल’ टाईप केलं. ॲडव्हान्स्ड टॅब, परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज, परत ॲडव्हान्स्ड, आणि व्हर्च्युअल मेमरीसमोर चेंज. सगळ्यात वर एक चौकोन आहे, पेजफाइलचा आकार विंडोजनेच सांभाळावा असा. त्यावर टिक केली. विंडोज १० मध्ये असं केलं की फाईल गरजेप्रमाणे वाढते, रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत, पण त्या ड्राइव्हच्या एक अष्टमांशापेक्षा जास्त नाही.

तिसरं, रीस्टार्ट. ‘शट डाउन’ नाही, ‘रीस्टार्ट’. कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं. ड्रायव्हरने अडवलेली मेमरी तशीच राहते. रीस्टार्टमध्ये पाटी कोरी होते.

चौथं, चोर शोधला. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम, आणि २००४ नंबरची नोंद शोधा, रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर नावाची. मेमरी संपत आली होती तेव्हा सगळ्यात जास्त खाणारे तीन प्रोग्रॅम कोणते, ते तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. इतकी कामाची गोष्ट, पण कोणी उघडून बघत नाही. आमच्या यादीत पहिला ब्राउझर होता, आणि दुसरं प्रिंटरबरोबर आलेलं एक सॉफ्टवेअर, जे कोणी कधी वापरलंच नव्हतं. काढून टाकलं.

फॉर्म त्याच रात्री भरून झाला. खर्च शून्य.

पण याचा अर्थ पेजफाइल वाढवली की सगळं भागतं, असा नाही. रॅममधून एक गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीला त्याच्या हजारपट, फिरणाऱ्या हार्डडिस्कला लाखपट. समजा रॅमचं काम १ सेकंदात झालं, तर एसएसडीला १७ मिनिटं आणि हार्डडिस्कला जवळजवळ २८ तास! म्हणून मेसेज गेला तरी कम्प्युटर रांगतो. मेसेज येणं आणि मशीन हळू चालणं, हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याला जागा लागते, दुसऱ्याला रॅम किंवा एसएसडी.

रॅम घ्यायला जाण्याआधी तीन गोष्टी बघा. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये जाऊन विंडोज ३२ बिट आहे की ६४, ते वाचा. ३२ बिट असेल तर घरगुती विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही, पैसे वाया. दुसरं, टास्क मॅनेजरमध्ये स्लॉट किती आणि भरलेले किती ते दिसतं. तिसरं, डीडीआर ३ आणि डीडीआर ४ एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. मामांनी पुढे दिवाळीनंतर ४ जीबीची एक पट्टी वाढवली, आणि तेवढ्याने भागलं.

अजून एक. काही कामच चाललेलं नाही, तरी एखाद्या प्रोग्रॅमचा आकडा तासातासाला चढतोय? टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये ‘कमिट साइझ’ हा कॉलम लावून बघा. चढतच राहत असेल तर ती गळती आहे. फुटक्या माठात कितीही पाणी ओता, भरणार नाही. तो प्रोग्रॅम अपडेट करा, नाहीतर बदला.

आणि हे करू नका. ‘रॅम बूस्टर’ टाकू नका, ते बहुतेक वेळा खोलीतलं सामान उगाच शेतात नेऊन टाकतात, जे दहा मिनिटांनी परत आणावं लागतं. स्पीड वाढतो म्हणून पेजफाइल पूर्ण बंद करू नका. आणि घरातल्या मोठ्यांना नक्की सांगा: मेमरीच्या मेसेजमध्ये फोन नंबर दिलेला असेल तर तो मेसेज विंडोजचा नाही, फसवणारा आहे. त्या नंबरवर फोन करायचा नाही, कोणतंही ॲप घ्यायचं नाही.

आता मोबाईल. दुकानात पाटी असते, ‘८ अधिक ८, एकूण १६ जीबी रॅम’. त्यातले दुसरे ८ म्हणजे फोनच्या स्टोरेजमधली उसनी जागा. तीच शेतातली खोली! मागे ठेवलेली ॲप थोडी जास्त टिकतील, पण ती खरी रॅम नाही. फोन घेताना अधिकच्या अलीकडचा आकडा बघा, पैसे त्याचे द्या.

तर मंडळी, कोणी ‘फॉरमॅट मारा’ म्हटलं की आधी विचारा, कमिटेडचे दोन आकडे किती आहेत? उत्तर आलं नाही तर स्वतः बघा. तुमचे आकडे मला पाठवा, अडलेल्यांचे प्रश्न पुढच्या भागात घेऊ. भेटू मग, राम राम!